जुना नेत्सुके कसा तपासावा: आधी भोकं, मग झीज, सही सगळ्यात शेवटी

आठवड्यातून एखादा तरी फोटो येतोच. कुणी क्योटोला फिरायला गेलेलं असतं, कुणाला लंडनच्या एखाद्या लहान लिलावात जुन्या वस्तूंची पेटी मिळालेली असते. फोटोत नेत्सुके, म्हणजे जुन्या जपानी पुरुषांच्या कमरपट्ट्याच्या दोरीला बांधायचा लहान कोरीव गुंडा, त्याच्या पोटावर कोरलेली दोन जपानी अक्षरं, आणि खाली एकच प्रश्न: "सही खरी आहे का?"

मी उलट विचारतो, "दोरीच्या दोन्ही भोकांचा फोटो आहे का?" तो बहुतेक वेळा नसतो. वस्तू मात्र तोवर विकत घेऊन झालेली असते.

सही हा नेत्सुकेवरचा सगळ्यात सोपा भाग आहे. उंदराच्या आकाराचा चांगला नेत्सुके कोरायला कित्येक दिवस लागतात, दोन अक्षरं कोरायला पाच मिनिटं. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. क्रम चुकला की पुढचं सगळं आपण त्या नावाच्या भरवशावर बघतो आणि डोळ्यांना जे दिसायला हवं ते दिसत नाही.

## ही वस्तू काम काय करायची

किमोनोला खिसा नसतो. तंबाखूची पिशवी, पाइपचं म्यान, किंवा इनरो नावाची एकावर एक कप्पे बसणारी लहान डबी पुरुष कमरेच्या ओबीला, म्हणजे पट्ट्याला, लटकवत. दोरी पट्ट्याच्या मागून वर काढायची आणि ती खाली निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक कोरीव गुंडा बांधायचा. तो गुंडा म्हणजे नेत्सुके. मध्ये दोरी आवळायला जो मणी असतो तो ओजिमे. आपल्याकडे चंची कनवटीला खोचायचे, तिथे कापडाची पकड पुरत असे. इथे ते काम हा गुंडा करतो. (लिहिताना नेत्सुके, पण जपानी तोंडी "नेत्स्के" असं ऐकू येतं. दुकानात तसंच म्हणा.)

या कामातून तीन गोष्टी ठरतात. तो कापडाला सतत घासणार. तो कापडात अडकता किंवा अंगाला टोचता कामा नये. आणि दोरी जायला त्यात वाट हवी. खालची जवळजवळ सगळी तपासणी या तीन गोष्टींवर उभी आहे.

## तयारी

### पदार्थ आणि कायदा: दुकानात जायच्या आधी ठरवा

जुन्या नेत्सुकेंत हस्तिदंत भरपूर आहे. त्याखालोखाल बॉक्सवूड, ज्याला जपानीत त्सुगे म्हणतात. मग आबनूस, हरणाचं शिंग, रानडुकराचा सुळा, वॉलरसचा सुळा, देवमाशाचा दात, अक्रोडाचं कवच, लाखकाम, पोर्सिलेन. यातलं काय घ्यायचं हे आवडीवर सोडू नका. तुम्ही राहता कुठे यावर ते ठरतं.

भारतात राहणाऱ्यांनी हस्तिदंती नेत्सुके आणायचा नाही. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. "शंभर वर्षं जुना आहे" हे सांगून कस्टममध्ये सुटका होईल अशा समजुतीवर राहू नका. हरणाच्या शिंगावरूनही अडवणूक होऊ शकते. लाकूड, लाख, पोर्सिलेन, धातू एवढ्यातही आयुष्यभर पुरेल असा संग्रह होतो.

जपानमध्ये हस्तिदंत दुकानात उघड विकला जातो, त्यामुळे लोक फसतात. दुकानात विकत मिळणं वेगळं आणि देशाबाहेर नेणं वेगळं. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे सीमा ओलांडताना परवाना लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये २०१८ चा आयव्हरी अ‍ॅक्ट ६ जून २०२२ पासून लागू आहे. तिथे १९४७ पूर्वीच्या वस्तूंना मिळणारी सवलत हस्तिदंताचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी असेल तरच आहे, आणि अख्खा हस्तिदंती नेत्सुके त्यात बसत नाही. १९१८ पूर्वीची असाधारण कलामूल्याची वस्तू असेल तर वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अमेरिकेत केंद्राच्या नियमांशिवाय न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे कायदे आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने कॅलिफोर्नियाच्या विक्रेत्याकडून काही मागवण्याआधी दोन्ही राज्यांचे नियम वाचायला हवेत.

### सोबत काय न्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडे असतं तसलं चालेल.
- बारीक झोत पडणारा टॉर्च. मोबाइलचा प्रकाश पसरट पडतो, भोकाच्या आत नीट पोचत नाही.
- साधारण २ मिलिमीटर जाडीची, हातभर लांब, मऊ रेशमी किंवा सुती दोरी.
- लहान पट्टी. बहुतेक नेत्सुके ३ ते ५ सेंटिमीटरचे असतात. साशी नावाचा लांब काठीसारखा प्रकार याला अपवाद.
- मऊ सुती रुमाल, वस्तूखाली टेबलावर पसरायला.
- जमलं तर लहान अतिनील टॉर्च.

### डोळे आणि बोटं तयार करा

पहिला नेत्सुके विकत घेण्याआधी निदान पन्नास खरे बघा. क्योटोत मिबु भागात जुन्या सामुराई घरात सेइशु नेत्सुके संग्रहालय आहे. तिथे आधुनिक कारागिरांचं कामही भरपूर दिसतं. तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांचा संग्रह आहे. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, लॉस एंजेलिसमध्ये काउंटी म्युझियममधला बुशेल संग्रह. यांतल्या बऱ्याच वस्तूंचे वरून-खालून काढलेले फोटो त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. खालच्या बाजूचे फोटो आवर्जून बघा.

काचेआडून बोटं मात्र शिकत नाहीत. त्यासाठी लिलावाआधीचं प्रदर्शन. तिथे वस्तू कपाटातून काढून हातात द्यायला सांगता येते, पैसे पडत नाहीत, बोली लावायची सक्ती नसते. आपली माणसं तिथे विचारायला संकोचतात. खुशाल विचारा.

## टप्पा १: डोळे मिटून हाताळा

रुमालाच्या वर, बसलेल्या स्थितीत, नेत्सुके मुठीत घ्या. डोळे मिटा. हळूहळू फिरवा.

खरा नेत्सुके मुठीत बसतो. कान, शेपटी, तलवार, बोटं असं जे काही बाहेर यायला हवं ते अंगाशी दुमडलेलं असतं. उंदीर शेपटी पोटाखाली घेतो, बैल पाय दुमडून बसतो. ही रचना कारागिराला कामामुळे करावी लागे, आणि सगळं कौशल्य त्या अडचणीतून आलं आहे. काहीही टोचलं, बोट कुठे अडकलं, तर ती बहुधा ओकिमोनो असते, म्हणजे टेबलावर ठेवायची शोभेची मूर्ती. १८६८ नंतर जपानी पुरुष कोट-पँट घालू लागले, खिसे आले, आणि कोरीव काम करणारे परदेशी गिऱ्हाइकासाठी ओकिमोनो करू लागले. त्या सुंदर असतात, पण त्या नेत्सुके नाहीत.

हस्तिदंत हाताला आधी गार लागतो आणि सावकाश ऊब धरतो. रेझिन, म्हणजे साच्यात ओतायचं प्लास्टिक, लगेच कोमट होतं. यावर निकाल देऊ नका, फक्त मनात नोंद करा.

## टप्पा २: उलटा करा आणि भोकं बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. इथे दहा मिनिटं घालवा.

दोरी जायच्या भोकांना हिमोतोशी म्हणतात. सहसा दोन असतात, पोटाखाली किंवा पाठीवर, आतून जोडलेली. खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

आकार. बऱ्याच जुन्या नेत्सुकेंत एक भोक दुसऱ्याहून मोठं असतं, कारण दोरीची गाठ मोठ्या भोकात आत दडवायची असे. दोन्ही सारखी असली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. पण सारखी, गुळगुळीत गोल आणि ड्रिलने पाडल्यासारखी सरळ असली तर कान टवकारा.

कडा. दोरी वर्षानुवर्षं ओढली गेली की कडा बोथट होते, आणि ती सगळीकडून सारखी होत नाही. दोरी ज्या बाजूला ओढली जाते तिकडे जास्त झिजते. भिंगातून बघा: एका बाजूला कड लोण्यासारखी वळलेली, समोरच्या बाजूला अजून थोडी धारदार. हे बनावट करायला अवघड आहे, कारण त्यासाठी नेत्सुके कसा लटकतो हे आधी कळायला हवं.

जागा. आता दोरी ओवा आणि लटकवून बघा. (मालकाची परवानगी घेऊन, हात रुमालाच्या वरच ठेवून.) चेहरा बाहेर आला पाहिजे, वस्तू नीट तोलात राहिली पाहिजे. माणूस उलटा लटकतो, किंवा उंदीर तोंड भिंतीकडे करतो, तर भोकं नंतर कुणीतरी पाडलेली असू शकतात. ओकिमोनोला भोकं पाडून नेत्सुके म्हणून विकणं ही जुनीच युक्ती आहे. भोक कोरलेल्या कपड्याच्या घडीतून, केसांतून किंवा सहीच्या अक्षरातून आरपार गेलं असेल तर शंकेला जागाच उरत नाही. मूळ कारागीर भोकाची जागा आधी ठरवून मग बाकीचं कोरतो.

आतली भिंत. टॉर्च तिरका धरा.

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जपानमधल्या माझ्या पहिल्या वर्षी देवळाच्या आवारातल्या रविवारच्या बाजारात मी १८,००० येनला एक पिवळसर उंदीर घेतला. डोळे काळे, शेपटी पोटाखाली, पोटावर "मासानाओ". विक्रेत्याने सही दाखवली, मी सही बघितली, व्यवहार झाला. घरी आल्यावर दिव्याखाली भोकात टॉर्च मारला तर आतल्या भिंतीवर केसाएवढी सरळ उंचवट्याची रेघ, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत. ती साच्याची शिवण होती. बाहेरची शिवण घासून काढली होती, आत कानस पोचली नव्हती. रेझिनचा ओतीव उंदीर. तो अजून माझ्याकडे आहे आणि कुणी शिकायला आलं की आधी त्याच्या हातात मी तोच देतो.

भोकंच नाहीत? घाई करू नका. काही कारागीर पाय आणि पोट यांमधली फट, वळलेला हात, फांदीचा वेढा यांचाच वाटेसारखा उपयोग करत. ओसाकाचा काइग्योकुसाइ (१८१३–१८९२) यात फार तरबेज होता. मांजू म्हणजे चपट्या गोल प्रकारात दोरी मधल्या भोकातून जाते, आणि कागामिबुता प्रकारात वाटीवर बसवलेल्या धातूच्या चकतीच्या मागच्या कडीला बांधतात. अशा वेळी दोरी ओवून बघणं हाच पडताळा.

> पडताळा: या टप्प्यानंतर स्वतःला विचारा, "ही वस्तू कमरेला लावून कुणी दिवसभर वावरू शकला असता का?" उत्तर नाही असेल तर सहीपर्यंत जायची गरज नाही.

## टप्पा ३: पदार्थ ओळखा

> सावधान: तापवलेली सुई टोचून बघायची नाही. इंटरनेटवर हा सल्ला सगळीकडे आहे. खऱ्या हस्तिदंतावर त्याने कायमचा डाग पडतो, आणि वस्तू सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, निघाली तर ती पेट घेऊ शकते. दुसऱ्याच्या वस्तूवर असं करणं तर अक्षम्य.

भिंग पुरतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर, म्हणजे बहुधा तळाशी, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. या श्रेगर रेघा. सुळ्याच्या बाहेरच्या भागात त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर आजचा हत्ती, ९० अंशांहून लहान असेल तर मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला जातभाई. याचा उपयोग नीट समजून घ्या: चीनमध्ये आज कोरली जाणारी बरीच नक्कल मॅमथची असते. तळाशी टोकदार कोनाची जाळी आणि विक्रेता म्हणतो "अठरावं शतक", तर वस्तू परत ठेवून द्या. (आजचे चांगले कारागीरही मॅमथ वापरतात, पण ते स्वतःच्या नावाने विकतात.)

बाकीचे पदार्थ झटपट:

- हाड: बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघोट्या. रक्तवाहिन्यांच्या वाटा त्या.
- वॉलरस: गाभा साबुदाण्याच्या खिचडीसारखा, दाणेदार आणि अर्धपारदर्शक. एकदा बघितला की विसरत नाही.
- हरणाचं शिंग: गाभा सच्छिद्र. तोकियोतल्या आसाकुसाचा ओझाकी कोकुसाइ याने ही छिद्रंच नक्षीत वापरली.
- रानडुकराचा सुळा: छेद त्रिकोणी. इवामी प्रांतातल्या कारागिरांनी भरपूर वापरला.
- सेल्युलॉइड: समांतर रेघा फार नियमित, छापल्यासारख्या. जाळी कुठेच नाही.
- रेझिन: खाचांच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे. हाडाचा भुगा मिसळलेलं असलं तर वजन फसवतं, बुडबुडे फसवत नाहीत.

लाकडाच्या बाबतीत घोळ कमी. त्सुगे घट्ट, बारीक कणाचा, हाताळून मधासारखा रंग धरणारा. वजनाला हलका आणि रेषा ढोबळ असलेल्या लाकडावर काळा रंग चढवला असेल तर खाचेच्या तळाशी मूळ फिकट लाकूड कुठेतरी डोकावतंच.

## टप्पा ४: झीज वाचा

जुनी झीज एकसारखी नसते. उंचवटे झिजतात, खाचा तशाच राहतात. उंदराच्या पाठीवरचे केस पुसट आणि कानामागचे केस टवटवीत, असं दिसलं तर बरं. कापडाला टेकणारी बाजू जास्त गुळगुळीत असते.

रंगही असमान हवा. हस्तिदंत अंधारात आणि त्वचेच्या स्पर्शाने पिवळा पडतो, उजेडात पांढरा होतो. वर्षानुवर्षं कपाटात एकाच बाजूने ठेवलेला नेत्सुके एकीकडे मधाळ, दुसरीकडे फिकट असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला सगळीकडून सारखाच तपकिरी असतो, आणि खाचांत रंगाचा गाळ साचतो.

भेगा बघा. खऱ्या भेगा सुळ्याच्या धाटणीने, लांबीच्या दिशेने जातात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे फुटलेल्या भेगा उष्णतेने पाडलेल्या असतात.

> सावधान: झीज अजिबात नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेले कितीतरी अस्सल नेत्सुके कधी कमरेला लागलेच नाहीत. उलट, झीज आहे आणि ती चुकीच्या जागी आहे, हे जास्त वाईट लक्षण.

## टप्पा ५: खालची बाजू आणि कोरीव कामाचा हात

घाईच्या कामाचा चेहरा सुंदर असतो आणि तळ सपाट. चांगल्या कारागिराने तळव्यांच्या घड्या, पोटाखालची बोटं, कपड्याची आतली बाजू सगळं पूर्ण केलेलं असतं, कारण ओबीवर नेत्सुके फिरतो आणि कुठलीही बाजू वर येते.

भिंगाखाली केस बघा. हाताने कोरलेला प्रत्येक केस एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो, आणि अंगाच्या वळणाबरोबर वळतो. फिरत्या यंत्राच्या सुईने काढलेल्या रेघा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या रुंदीच्या, तळाशी गोल, आणि बहुधा काळा रंग भरलेल्या.

डोळे बसवलेले असले तर कड बघा. काळ्या शिंगाची बारीक खुंटी नेमकी बसलेली असते. भोवती गोंदाचं कडं असेल तर डोळा नंतरचा.

लाकडी बेडूक हातात आला तर त्याच्या पाठीवरच्या चामखिळींवर थांबा. उकिबोरी म्हणून एक पद्धत आहे. बोथट हत्याराने लाकूड ठिपक्या-ठिपक्यांनी आत दाबायचं, भोवतालचं लाकूड त्या खोलीपर्यंत तासून घ्यायचं, मग पाणी लावायचं. दाबलेलं लाकूड फुगून वर येतं आणि चामखीळ तयार होते. भिंगाखाली तिचा माथा गुळगुळीत, न कापलेला दिसतो, आणि लाकडाचे तंतू तिच्यावरून अखंड जातात. कोरून काढलेल्या चामखिळीभोवती हत्याराचे पैलू दिसतात. हा फरक मला पहिल्यांदा दिसला त्या दिवशी एकाच बेडकाकडे मी तासभर बघत बसलो होतो.

## टप्पा ६: आता सही

इथवर वस्तू टिकली असेल तरच सही वाचा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, म्हणून थोडं सविस्तर.

चूक पहिली: सही नाही म्हणजे किंमत नाही. अठराव्या शतकातले बरेचसे नेत्सुके बिनसहीचे आहेत. ओसाकाचा योशिमुरा शुझान हा त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्यांपैकी एक. तो सही करत नसे. त्यामुळे "शुझान" अशी सही असलेला रंगवलेला लाकडी नेत्सुके कुणी "थोरल्या शुझानचा" म्हणून पुढे केला तर ती सहीच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

चूक दुसरी: जुनी नक्कल म्हणजे खरी वस्तू. ओसाकात १७८१ मध्ये छापलेल्या सोकेन किशो या ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नावं आहेत. क्योटोचा तोमोतादा त्यात आहे, आणि त्याच्या बैलांच्या नकला होतात हेही त्यात नोंदलेलं आहे. म्हणजे दोनशे वर्षांहून जुना, उत्तम झिजलेला, सगळ्या कसोट्यांवर उतरलेला बैलसुद्धा तोमोतादाचा नसू शकतो. तो जुना असेल, चांगलाही असेल. किंमत मात्र त्या नावाची द्यायची नाही.

चूक तिसरी: एक नाव म्हणजे एक माणूस. क्योटोचा मासानाओ वेगळा आणि इसे प्रांतातल्या यामादाचे मासानाओ वेगळे. यामादात हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि तिथे लाकडी बेडूक, उंदीर असं काम होत राहिलं. शिष्यांनी गुरूचं नाव कोरणंही सर्रास. आपल्याकडे घराण्याची गायकी ऐकून गायक ओळखतात, तसं इथे नावाआधी शैली, पदार्थ आणि गाव जुळायला हवं.

आता प्रत्यक्ष सही अशी बघा:

१. जागा. कारागिराची सवय असते. तोमोतादाची सही सहसा आयताकृती चौकटीत येते. सही झीज होणाऱ्या भागावर असेल आणि भोवतालचे केस पुसट झालेले असताना अक्षरं मात्र कोरी करकरीत असतील, तर ती नंतर कोरली आहे. हा एकच पडताळा निम्म्याहून जास्त खोट्या सह्या पकडतो असा माझा अनुभव आहे.

२. रेघ. हाताची सुरी इंग्रजी व्ही आकाराची खाच करते आणि फटकाऱ्याच्या शेवटी निमुळती होते. यंत्राची खाच तळाशी गोल आणि दोन्ही टोकांना बोथट. अक्षराचे फटकारे लिहिण्याच्या क्रमाने पडलेत का, हे जपानी लिहिता येणाऱ्याला विचारा. लिपी न येणारा नकलाकार अक्षर चित्रासारखं काढतो.

३. जोडशब्द. नावापुढे साकु (केलं), तो (सुरीचं काम), कोकु (कोरलं) असं येऊ शकतं, किंवा काकिहान म्हणजे ठरावीक वळणाची खूण. कुठला कारागीर यांतलं काय वापरत असे, याच्या नोंदी अभ्यासकांनी केलेल्या आहेत. सहीचा स्पष्ट फोटो काढा आणि संग्रहालयांतल्या निश्चित वस्तूंच्या सहीशेजारी ठेवा. आठवणीवर विसंबू नका.

> सावधान: लिलावाच्या यादीत "तोमोतादाचा" आणि "तोमोतादा अशी सही असलेला" यांत फरक असतो. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की ती अक्षरं वस्तूवर आहेत. यादीच्या शेवटी अशा शब्दांचे अर्थ दिलेले असतात; बोली लावण्याआधी ते पान वाचा.

## टप्पा ७: दुरुस्ती शोधा

पावलं, कान, शेपटीचं टोक, छडीचं टोक: तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डाव्या-उजव्या जोड्या मोजा. तुटलेला पाय घासून गुळगुळीत केला की तो मुळात तसाच वाटतो, पण दुसऱ्या पायाला पाच बोटं असताना याला तीनच, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

अतिनील टॉर्चचा खरा उपयोग इथे आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात हस्तिदंत निळसर पांढरा उजळतो. गोंद, भराव आणि नवा तुकडा वेगळ्या रंगाने उठून दिसतो. हाडही तसंच उजळतं, म्हणून पदार्थ ओळखायला याच्यावर विसंबू नका.

दुरुस्ती असली म्हणून वस्तू सोडायची नाही. ती विक्रेत्याने स्वतः सांगितली आहे का, एवढं बघा.

## टप्पा ८: व्यवहार

पावतीवर पदार्थ, अंदाजे काळ, सहीचं वाचन आणि दुरुस्ती लिहून घ्या. "जपानी कोरीव वस्तू, १ नग" अशी पावती कामाची नाही. खोटी निघाल्यास परत घेण्याची मुदत लेखी हवी.

जुनं चिकटपत्र, संग्रहाचा क्रमांक, जुन्या लिलावाचा लॉट नंबर तळाशी असेल तर तो काढू नका. लोक वस्तू "स्वच्छ" करायला म्हणून तो खरवडतात आणि मालकीच्या इतिहासाचा एकमेव धागा कचऱ्यात जातो. जुन्या नेत्सुकेसोबत सही केलेली मूळ लाकडी पेटी क्वचितच मिळते. ती पद्धत आधुनिक नेत्सुकेंची. अठराव्या शतकाचा नेत्सुके आणि सोबत कारागिराच्या सहीची कोरी पेटी, ही जोडी बघून खूश होऊ नका.

फक्त फोटोवरून घ्यायचं असेल तर सहा बाजू, दोन्ही भोकांचा आतून फोटो आणि सहीचा जवळून फोटो मागा. न पाठवणाऱ्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो.

## टप्पा ९: घरी आल्यावर

धुवायचा नाही. तेल लावायचं नाही. पॉलिश तर मुळीच नाही. झीज हीच त्याची ओळखपत्रं असतात आणि पाच मिनिटांत ती पुसली जातात. मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

हाताळायला हरकत नाही, उलट लाकूड आणि हस्तिदंत यांना कोरड्या, स्वच्छ हातांनी घेतलेलं मानवतं. हात खरंच स्वच्छ हवेत. हळद, कुंकू, मेंदी, हँडक्रीम हस्तिदंतात शिरलं की निघत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांत हे जास्त सांभाळावं लागतं: सणाला पाहुणे येतात, कपाट उघडलं जातं, आणि जेवून उठलेले हात आधी तिकडेच जातात. लाखकामाचा नेत्सुके मात्र कडेने धरा, बोटांचे ठसे राहतात.

ऊन, हीटर आणि कपाटातले गरम दिवे दूर ठेवा. न्यू जर्सीच्या किंवा तोकियोच्या हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी होते आणि हस्तिदंत तडकतो; म्हणून संग्राहक कपाटाच्या कोपऱ्यात पाण्याची लहान वाटी ठेवतात. मुंबई-कोकणात प्रश्न उलटा. पावसाळ्यात लाकडी नेत्सुके बंद डब्यात ठेवला तर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा डबा उघडा, बाहेर काढा, हाताने पुसा, सावलीत तासभर ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या भरून टाकू नका, ओल कमी व्हायला हवी, संपायला नको.

आणि पहिल्याच दिवशी एक कार्ड करा: मोजमाप, वजन, पदार्थ, कुठून, किती पैशांना, सहीचं वाचन, दुरुस्ती. मागच्या बाजूला दोन्ही भोकांचा फोटो चिकटवा, टॉर्च तिरका धरून काढलेला.